कणगी मोडू नका

(माणगाव येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. एसटीची पाटी वाचता, दुकानदाराचे बिल वाचता, बाळाच्या औषधावरची तारीख वाचता. आज मी तुमच्याशी पुस्तकाविषयी बोलणार नाही. तुमच्या घराच्या मागे, परसात जे उभे आहे किंवा पडले आहे, त्याविषयी बोलणार आहे.

परसात काय असते? एक जुनी कणगी असते. चार मेढींवरचा पेंढ्याचा माच असतो. सर्पणाची खोप असते. कुणाच्या परसात मोडका हौद, कुणाच्या परसात गंजलेले पिंप. या सगळ्या वस्तू एका काळी भरलेल्या होत्या. आज त्या रिकाम्या आहेत.

का रिकाम्या झाल्या ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपला रायगड जिल्हा, १९८१ पर्यंत त्याला कुलाबा म्हणत. शाळेच्या भूगोलात त्याला भाताचे कोठार म्हटलेले असे. मी ते वाक्य किती वर्षे मुलांकडून पाठ करून घेतले! तेव्हा घरोघर कणगी होती. भात झोडले की कणगीत पडायचे आणि लागेल तसे काढून कांडायचे. आता भात झोडले की पोत्यात भरतात आणि पोती गिरणीवर जातात. नांगराला ट्रॅक्टर आला, तेव्हा बैल गेले. बैल गेले म्हणून पेंढा ठेवायला माच लागेना. गॅसची शेगडी आली. ती रोज पेटते असे नाही, सिलिंडर महाग आहे, पण पावसाळ्याचे चार महिन्यांचे सर्पण साठवण्याची चाल कमी झाली. घरातली कर्ती माणसे मुंबईला. मागे राहिल्या बायका, म्हातारी माणसे आणि ही रिकामी सामग्री.

मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एका आजींनी मला विचारले, "गुरुजी, आमची कणगी वाळवीनं धरलीय. मोडून चुलीत घालू का?"

मी म्हटले, "आजी, थोडं थांबा. पुढच्या वेळी सगळ्यांनाच सांगतो." म्हणून आजचे हे भाषण.

आधी एक प्रश्न. आपल्या आजा-पणजांनी भात कणगीत का ठेवले? जमिनीत खड्डा खणून का ठेवले नाही? देशावर तर तसेच ठेवीत. तिकडे पेव असते. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठे. सांगलीजवळ हरिपूर नावाचे गाव आहे, तिथे हळदीची पेवे प्रसिद्ध होती. तिथली जमीन अशी की आत ठेवलेली हळद वर्षानुवर्षे कोरडी राही. २००५ च्या महापुराचे पाणी शिरले आणि त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली.

आता आपल्याकडचे बघा. सांगलीच्या आसपास जितका पाऊस पडतो त्याच्या चौपट आणि त्याहूनही जास्त पाऊस आपल्याकडे पडतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर धरा. शंभरावर इंच झाले. आणि तो सगळा चार महिन्यांत. माणगावात कुणी पेव खणले तर जुलैत त्याची विहीर होईल. म्हणून देशावरचे धान्य खाली गेले आणि कोकणातले वर आले. कणगी दगडांवर ठेवली. पेंढा माचावर रचला. सर्पण फळ्यांवर मांडले. खालून वारा, वरून छप्पर.

ही युक्ती एकट्या कोकणची नाही. युरोपात स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया म्हणून एक मुलूख आहे. तिथेही पाऊस फार. तिथले शेतकरी मका दगडी खांबांवरच्या लांबट कोठारात ठेवीत. खांबाच्या डोक्यावर एक रुंद चपटा दगड बसवीत, म्हणजे उंदराला वर चढता येत नाही. तसली कोठारे तिथे अजून हजारोंनी उभी आहेत. त्या लोकांनी आपली कणगी पाहिली नव्हती आणि आपण त्यांचे कोठार पाहिले नव्हते. पाऊस सारखा, म्हणून अक्कल सारखी चालली.

आता परसबागेकडे या. आपल्या बायका दर वर्षी मृगात मिरची लावतात, वांगी लावतात, आले लावतात. जुलैत काय होते? रोप पिवळे पडते, मान टाकते, उपटले तर मूळ काळे निघते. आपण म्हणतो, "पावसानं खाल्लं." पाऊस रोप कसा खाईल? मुळाला पाण्याबरोबर हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक जागा असतात, त्यांत हवा असते. त्या जागा दिवसेंदिवस पाण्याने भरून राहिल्या की मूळ गुदमरते आणि मग कुजते. तुम्ही विचाराल, मग भात कसे तगते? भाताच्या काडीत हवेच्या पोकळ्या असतात. वरची हवा त्यांतून मुळापर्यंत उतरते. मिरचीला ती सोय नाही.

म्हणजे जी अडचण धान्याची होती तीच मिरचीची आहे. दोघांनाही पावसात ओल्या जमिनीपासून वर राहायचे आहे. आणि वर ठेवण्याची साधने तुमच्या परसात आयती पडली आहेत. ती चुलीत का घालायची?

आता कणगीचेच आधी सांगतो, कारण तिच्यात खुबी आहे.

कणगी बघून काही जण म्हणतात, "मातीने भरून टाकू आणि वर झाड लावू." असे करू नका. ती फुटेल. हिशेब करून दाखवतो. समजा तुमची कणगी ३ फूट रुंद आणि ३ फूट उंच आहे. तिच्यात सुमारे २१ घनफूट जागा असते. १ घनफूट म्हणजे १ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच असा डबा. एवढ्या डब्यात भात भरले तर ते १६-१७ किलो भरते. तेवढ्याच डब्यात ओली माती भरली तर ४५ किलोच्या पुढे जाते. म्हणजे कणगीत भात होते तेव्हा तिच्या पोटात साडेतीनशे किलो वजन होते. ओली माती भरली तर साडेनऊशे किलो होईल! बुरडाने ती भाताच्या मापाने विणली आहे. तिच्यावर एवढा भार घालणे बरे नव्हे.

तेव्हा कणगी आडवी कापायची. एका कणगीची दोन कडी करायची, दीड-दीड फूट उंचीची.

कापण्याआधी तिच्यावर थोडे पाणी शिंपडा, म्हणजे कामट्या तडकत नाहीत. जिथे कापायचे त्या रेषेच्या वर एक आणि खाली एक असे काथ्याचे किंवा तारेचे दोन वेढे घट्ट आवळा. हे विसरलात तर वीण सुटत जाईल आणि हातात नुसत्या कामट्या राहतील. मग बारीक दातांच्या करवतीने कापा. कोयतीचे घाव घालू नका. आतल्या-बाहेरच्या शेणमातीच्या लिंपणाची ढेकळे निघतील तेवढी काढा. धान्य गळू नये म्हणून ते लिंपण होते. आपल्याला आता पाणी गळायलाच हवे आहे. कडी दोन दिवस कडक उन्हात ठेवा, भुंगे-किडे जातील.

जागा कुठली निवडावी? दिवसातले निदान पाच-सहा तास ऊन पडेल अशी, आणि पागोळीखाली नको. पागोळीचे पाणी वरून धबधबा पडते आणि माती धुऊन नेते. चार-पाच चपटे दगड मांडा. दगडांमध्ये बोटभर फटी राहू द्या. त्यांवर कामट्यांची जाळी टाका आणि तिच्यावर कडे ठेवा.

आता भरायचे कसे? तळाला नारळाची सोडणे पालथी घाला, एक थर. त्यांवर वाळलेला पालापाचोळा, चांगला दाबून, वीतभर. त्यावर माती आणि शेणखत मिसळून, दोन पाट्या मातीला एक पाटी खत. खत जुने, कुजलेले, काळे पाहिजे. ताजे शेण घालू नका. ते आत तापते आणि मुळे होरपळतात. शिवाय त्यात हुमणी होते. एका कड्याला पंधरा-वीस घमेली लागतील. काठापेक्षा वर, ढिगासारखे भरा. पहिल्या दोन पावसांत ते चार बोटे खाली बसते.

यात काय लावावे? आले आणि हळद सगळ्यांत चांगली. एका कड्यात वीत-वीत अंतरावर हळदीच्या आठ-दहा कांड्या बसतात. मृगाच्या आधी लावल्या तर गौरी-गणपतीला पातोळ्यांसाठी पाने मिळतात आणि हळद पुढे माघात निघते. दुसऱ्या कड्यात मिरची लावा, चार रोपे पुरेत. पाऊस सरला की त्याच कड्यात लाल माठ, मेथी, मुळा. अळू मात्र कड्यात लावू नका. अळवाला पाण्यात पाय सोडून बसायला आवडते. ते मोरीच्या सांडपाण्यावरच बरे. चांगली उंच जागा त्याला देणे म्हणजे बेडकाला पाटावर बसवण्यासारखे आहे.

हे कडे किती दिवस टिकेल? ओल्या मातीला लागून असलेला बांबू दोन पावसाळे टिकतो, नशीब असेल तर तीन. मग तो आतच कुजतो. कुजू द्या. त्याचेही खत होते. वाळवीने निम्मी खाल्लेली कणगी असेल तर तिची कडी करण्यात अर्थ नाही. ती अखंड ठेवा आणि तिच्यात खत करा. तीन वाटे सुका पाचोळा, एक वाटा ओला कचरा, म्हणजे भाजीची देठे, साली, शिळे-पाके. अधूनमधून शेणकाला शिंपडा. पावसाळ्यात वर झाप घाला, नाहीतर सगळा रस वाहून जाईल. बांबूच्या फटींतून हवा खेळते, त्यामुळे वास मारत नाही. काही कणग्यांना भात ओढून घ्यायला खाली भोक ठेवलेले असते. चार महिन्यांनी तयार खत त्याच भोकातून ओढता येते. आजी, तुमच्या कणगीचे हेच करा.

आता जरा सावध करतो. जुन्या खोपीत, माचाखाली, लाकडांच्या ढिगात एकदम हात घालू नका. तिथे साप असतो, विंचू असतो. आपल्या भागातला लाल विंचू साधा नव्हे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत. १९७० च्या दशकात ते बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला आले. तेव्हा विंचू चावून धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. माणूस घामाने भिजायचा, हात-पाय गार पडायचे, फुप्फुसात पाणी भरायचे. डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून हे सगळे टिपून ठेवले. रक्तदाबावरची प्रॅझोसिन नावाची साधी गोळी यावर चालते हे त्यांनी दाखवून दिले, आणि मरणाऱ्यांची संख्या फार खाली आली. त्यांचे हे काम परदेशांतल्या वैद्यकीय मासिकांतही छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे आपल्या शेजारच्या तालुक्यात घडले आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

तेव्हा खोप उसकटायची ती दिवसाउजेडी. पायांत बूट, हातात लांब काठी. आधी काठीने आपटा, खडखड करा, थोडा वेळ थांबा. मग एकेक लाकूड आपल्याकडे न ओढता पलीकडे ढकला. लहान मुलांना जवळ उभे करू नका. आणि चावलेच काही, तर मंत्र-उतारा नको, ब्लेड मारणे नको, घट्ट दोरी आवळणे नको. तडक माणगावचे उपजिल्हा रुग्णालय.

माचाचे काम सोपे आहे. चार किंवा सहा मेढी आहेत, वर वासे आहेत. म्हणजे मांडव तयारच आहे, फक्त त्यावर वेल नाही. आधी मेढी तपासा. लाकूड कुजते ते जमिनीच्या रेषेवर, जिथे माती संपते आणि हवा सुरू होते. तिथे पहारीने टोचून बघा. पहार भुसभुशीत आत गेली तर ती मेढ काढा, नाहीतर श्रावणात दोडक्याच्या भाराने सगळे खाली येईल. मेढी ऐनाच्या किंवा खैराच्या असतील तर बहुधा धडधाकट निघतील. वाशांवर आडव्या-उभ्या कामट्या बांधा, दीड वितीचे चौकोन सोडून. बुडाशी मातीचे उंच ओटे करा आणि त्यांवर दोडका, पडवळ, कारली, काकडी लावा. मांडवाची उंची तुमच्या हाताला येईल एवढीच ठेवा. फार उंच असेल तर वरचे वासे खाली घ्या. मी मी म्हणणाऱ्या बायका स्टुलावर चढून दोडके काढताना पडल्या आहेत. मांडवाखाली सावली पडते. तिथे आले होते, हळद होते, सुरण होतो. एकाच जागेत वर एक पीक आणि खाली एक.

राहिली खोप. तिचे काय करावे हे छपरावर ठरते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले ते तुम्हा सर्वांच्या लक्षात आहे. श्रीवर्धन, म्हसळा, तळा आणि आपला माणगाव तालुका, कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. घरे लोकांनी कशीबशी शाकारली. पण मागच्या खोपीचे छप्पर पुन्हा कोण घालतो? कुठे अर्धे उरले, कुठे नुसते खांब.

अर्धे छप्पर असलेली खोप रोपे करायला फार सोयीची. मिरची-वांग्याचे बी मेअखेर टाकले की रोप दोन पानांवर असताना पहिला मोठा पाऊस येतो आणि ते मातीत झोपवतो. खोपीत तसे होत नाही. सर्पण ज्या फळ्यांवर ठेवीत, त्याच फळ्यांवर जुन्या टोपल्या, फुटके डबे मातीने भरून ठेवा आणि त्यांत बी टाका. डब्यांना खाली भोके पाडा. बाजूंनी उजेड आला पाहिजे. दक्षिणेचा किंवा पूर्वेचा कूड असेल तर तो काढून टाका. काळोखात रोप उंच वाढते, पण काडीसारखे बारीक राहते आणि मोडते. जुलैच्या मध्याला रोप वीतभर झाले की कड्यात लावा. ज्यांच्या खोपीला छप्परच नाही त्यांनी खांबांवर मांडव घालावा. ते वर सांगितलेच.

या सगळ्याला खर्च किती? बियाणे आणि थोडी तार. मिळकत किती, याचा आकडा मी सांगणार नाही. तो प्रत्येकीच्या परसावर अवलंबून आहे. पण दुसरी एक गोष्ट सांगतो. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर आरोग्याची पाहणी केली. १५ ते ४९ वयाच्या बायका महाराष्ट्रभर तपासल्या. निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. यावर डॉक्टर गोळ्या देतात, त्या घ्याव्यातच. पण ताटात पालेभाजी, शेंगभाजी हवी. आपल्याकडे पावसाळ्यात ती घाटावरून येते. ताम्हिणीत दरड पडली की गाडी अडकते आणि इथल्या बाजारात मिरची-कोथिंबिरीचे भाव चढतात. मग घरात काय होते? थोडकी भाजी आणली जाते. ती आधी पुरुषांच्या पानात, मग मुलांच्या. करणारी बाई भातावर आमटीचे पाणी ओतून जेवते. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. इतकी वर्षे पालकांच्या घरी जाऊन पाहिलेले आहे. परसात चार कडी आणि एक मांडव असेल तर निदान श्रावण-भाद्रपदात तिच्या पानातही भाजी पडेल.

आता काय वापरू नये, ते नीट ऐका.

बाजारात जुनी निळी पिंपे स्वस्त मिळतात. त्यांत पूर्वी काय होते ते विकणाऱ्याला माहीत नसते, किंवा तो सांगत नाही. कारखान्याचे रसायन असू शकते. अशा पिंपात खायचे काही लावू नये आणि पाणी तर मुळीच भरू नये. गोडे तेल किंवा गूळ आल्याची खात्री असेल तरच पिंप घ्या.

कीटकनाशकाचे डबे-बाटल्याही तशाच. कितीही धुतले तरी त्यांत रोप नको, बी नको, मीठ नको. त्या डब्यावर एक तिरका चौकोन छापलेला असतो. चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा रंग पाहून कुणी म्हणेल, हे झाडपाल्याचे औषध असेल. तसे नाही. हिरवे म्हणजे कमी जहाल, पण विषच. ज्यांना वाचता येते त्यांनी डब्यावरचे वाचावे आणि शेजारणीलाही वाचून दाखवावे.

वादळात फुटलेले सिमेंटचे पत्रे पुष्कळांच्या परसात पडून आहेत. त्यांचे तुकडे उभे पुरून वाफ्याला कड करतात. त्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस नावाचा दगडी तंतू असतो. पत्रा कापला, फोडला, घासला की त्याची धूळ उडते आणि श्वासाबरोबर छातीत जाते. तिने फुप्फुसाचे मोठे रोग होतात, तेही पुष्कळ वर्षांनी. म्हणून तसा पत्रा फोडू नका. हलवायचाच असेल तर ओला करून, तोंडाला फडके बांधून, अखंड उचला. वाफ्याच्या कडेला विटा आहेत, दगड आहेत, नारळाचे बुंधे आहेत. पत्रा कशाला?

जुना हौद गळत असेल तर भाग्य समजा, त्यात माती भरून भाजी लावता येते. गळत नसेल तर तळाला भोक पाडा. पाणी साचून राहिले तर भाजी येणार नाही आणि डास मात्र येतील.

ज्यांचे माहेर देशावर आहे त्यांना पेवाबद्दल सांगतो. जुन्या बंद पेवात वाईट हवा साचते. आत उतरलेला माणूस बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर उतरू नये हे खरेच, पण विझला नाही तरी उतरू नये. माहेरी पेव रिकामे असेल तर वरूनच माती-पाचोळा टाकून बुजवायला सांगा. वर झाड चांगले येईल.

आता शेवटचा आणि अवघड भाग. खोप आणि माच कुणाचा?

आपल्याकडे घर चार भावांचे असते. एक भाऊ इथे, तीन मुंबईला. निजामपूर रस्त्याच्या एका वाडीत एका बाईने जुन्या माचावर दोडक्याचा मांडव घातला होता. दोडके लोंबत होते. गणपतीला मोठे दीर आले. त्यांनी मेढी सुताराला दाखवल्या, भाव ठरवला आणि दुसऱ्या दिवशी मांडव उतरला. दीर वाईट माणूस नव्हे. त्याला वाटले, पडका माच आहे, चार पैसे येतील, सगळ्यांत वाटू. वहिनी त्यातून घर चालवते आहे हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. आणि ती बाई बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तेव्हा आधी दोन गोष्टी करा. ग्रामपंचायतीत घरपट्टीचा उतारा मिळतो, त्याला नमुना ८ म्हणतात. तो मागून घ्या आणि स्वतः वाचा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते बघा. त्या सगळ्यांना विचारा. फोनवर विचाराल तर "हो हो, कर" म्हणतील आणि विसरतील. पत्र लिहा. पत्र घरात राहते. लांबलचक नको, असे लिहा:

"ती. भावोजींस साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत. मागचा पेंढ्याचा माच रिकामा आहे. त्यावर मी यंदा दोडक्याचा व कारल्याचा मांडव घालणार आहे. मेढी व वासे मोडणार नाही. ते सर्वांचे आहेत. भाजी निघेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, माच कोणी विकू अगर हलवू नये ही विनंती. आपली संमती दोन ओळींत लिहून कळवावी. गणपतीला याल तेव्हा भाजी देईन. कळावे."

खाली तुमचे नाव, तारीख आणि सही. अंगठा नव्हे, सही. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. उत्तर फोनवरच्या संदेशात आले तर तो पुसू नका.

कुणी म्हणेल, घरच्या घरी पत्र कसले? लोक हसतील. हसू द्या. मुंबईचे भाऊ आपसात बँकेचे, खोलीचे सगळे कागद करतात. परसातल्या बाईनेच तेवढे तोंडी बोलण्यावर का राहावे?

आता वैशाख चालू आहे. मृगाला अजून वेळ आहे. माती कोरडी आहे तोवर खणून, चाळून झाकून ठेवा. पावसात माती उचलता येत नाही. पुढच्या बुधवारी वर्गाला येताना प्रत्येकीने आपल्या कणगीचा घेर सुतळीने मोजून आणावा. सुतळीला गाठ मारून आणली तरी चालेल. आपण ती फूटपट्टीवर मोजू आणि आकडा वहीत मांडू. घेराला ३ ने भागले की रुंदी साधारण कळते. साडेनऊ फूट घेर असेल तर रुंदी तीन फुटांच्या जरा वर. मग कुणाच्या कणगीला किती माती लागेल याचा हिशेब फळ्यावर करू. ज्यांना पत्र लिहायचे आहे त्यांनी कोरा कागद आणि भावोजींचा पत्ता आणावा. पत्त्याला पिन कोड लागतो, तोही विचारून या.